दिसतंय म्हणा

भैरूच्या जीपच्या जादा दिव्यांचा झोत समोरच्या स्कूटरवर पडला आणि नव्या नियमाप्रमाणे जीप जागीच थांबली. दारं बंद झाली, काचा पांढऱ्या झाल्या आणि त्याचाच उजेड त्याच्या डोळ्यांत भरला. झोतानं दिपलेल्या समोरच्या प्रत्येकानं, खरोखर दिसू लागल्यावर, ‘दिसतंय’ म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

“म्हणा हो पटकन! घरी माझी हळद खोळंबलीय,” तो आतून ओरडला.

“मी केव्हाच म्हटलं,” स्कूटरवाला म्हणाला. “मागं बसलेल्या आमच्या चंद्राआत्याचं राहिलंय.”

“आत्या, म्हणा की! गुदमरतोय मी.”

“अरे नवरदेवा, मी जन्माची आंधळी. पण तुझं लग्नकार्य आहे, म्हणते बाबा. दिसतंय!”

जीपनं आवाजातलं खोटं ओळखलं. दाराचं कुलूप आणखी एकदा फिरलं.