पिवळी लोकर

उतारावरच्या ओल्या दगडावरून पाय सटकला, तेव्हा गुडघ्याच्या आधी तिला खिशातली लोकर आठवली. हात आपोआप जॅकेटच्या खिशावर गेला. चेन लागलेली होती. मग कळ आली.

"अगं, हलू नकोस," म्हणत नवरा मागून आला. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस; घाई त्याच्या रक्तातच नव्हती. त्याने पाठीवरची सॅक उतरवली आणि इंजिनाचं दुखणं ओळखावं तसा कान देऊन तिचा गुडघा चाचपला.

"मोडलेलं काही नाही. पण आता पहिल्या गिअरवरच चालायचं."

ती हसली नाही. वाटेचा शेवट समोरच्या खिंडीपलीकडे होता आणि तिथे तिला त्याच्या आधी पोचायचं होतं.

ही डोंगरवाट फार लांबची. सलग चालणारे थोडे. बाकीचे दरवर्षी सुट्टी मिळेल तेवढा टप्पा चालतात. जिथे थांबायचं, तिथल्या दगडांच्या राशीवर आपल्या खुणेचा एक दगड ठेवायचा. पुढच्या खेपेला त्याला हात लावून तिथूनच निघायचं, ही टप्प्याटप्प्याने चालणाऱ्यांची रीत. वाटेला फसवायचं नाही.

त्यांच्या मुलाची खूण होती पिवळी लोकर. पाय घरात ठरत नाहीत म्हणून त्याचं नावच भिंगरी पडलं होतं. आई त्याच्यासाठी स्वेटर विणायला बसायची आणि हा गुंड्यातलीच लोकर तोडून न्यायचा. "असा कसा रे पुरा होणार तुझा स्वेटर?" ती करवादायची. "मग बाबांच्या टोपीला किनार कर," तो म्हणाला होता. म्हणून नवऱ्याच्या राखाडी टोपीला पिवळी किनार लागली.

पुढे एका वर्षी भिंगरी टप्पा चालायला गेला, तो आलाच नाही. घळीच्या तळाशी त्याची सॅक मिळाली. तो मिळाला नाही.

बापाने बोलणं टाकलं. समोर आलेलं ताट तसंच परत जाई. मुलाच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून तो दिवस दिवस बसून राही. एक घळीत गेला आणि दुसरा दारात, असं तिला झालं. शेवटी तिनेच सॅक भरली आणि म्हणाली, "चला. त्याची वाट आपण चालू."

पहिल्या टप्प्याच्या शेवटी भिंगरीचा दगड खरोखरच होता. लोकर उन्हापावसात विटली होती. बापाने दगड उचलून गालाला लावला आणि कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज फुटला. "गाठ बघ कशी घट्ट मारलीय." त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

घळीपलीकडे दगड असणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिथून पुढचा प्रत्येक दगड तिने ठेवला. लोकर आधी चहाच्या पाण्यात बुडवायची, उन्हात विटवायची. तिचं नशीबही असं, की रास जवळ आली की नेमकी नवऱ्याच्या बुटाची लेस सुटायची. तो मटकन खाली बसायचा. "तू हो पुढे, आलोच मी." ती धावत जायची, गाठ मारायची आणि तो आला की धाप गिळून म्हणायची, "अहो, हे बघा."

"म्हणजे गेलाय पुढे," तो म्हणायचा. एवढंच. तेवढ्या बोलण्यावर त्यांचं वर्ष निघायचं. खोटं तिच्या घशात काट्यासारखं अडायचं, पण माणूस जेवत होता.

आज शेवटचा दगड. तो दिसला की पोराने वाट पुरी केली, एवढ्यावर तरी बापाचा जीव निवेल. नाही दिसला तर पुन्हा तीच खोली आणि तेच दार.

त्याने तिच्या हातात काठी दिली. मुंगीच्या पावलांनी ती दोघं खिंडीत पोचली. पलीकडे, उताराच्या पायथ्याशी, शेवटची रास दिसत होती.

"तुमची लेस बघा हो," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. "घट्ट आहे."

"मग जरा बसू या. दम लागलाय मला."

"तू बस. निवांत ये." त्याने टोपीची पिवळी किनार कानांवर ओढली. "आज मी होतो पुढे."

तिला उठता येईना. ती काठीवर रेलली, पडली, पुन्हा उठली. तोवर तो उतरून राशीआड गेलासुद्धा. पायाखालच्या दगडांवर डोळे ठेवून ती उतरू लागली आणि मनाशी शब्द जुळवू लागली. वाऱ्याने पडला असेल. कुणीतरी उचलला असेल. एकही शब्द त्या दारापुढे टिकणारा नव्हता.

ती पोचली तेव्हा तो राशीशी पाठमोरा उभा होता.

"अहो," ती म्हणाली.

"हे बघ."

राशीच्या माथ्यावर एक दगड होता. त्याला विटकी पिवळी लोकर. गाठ घट्ट.

तिचा हात खिशावर गेला. चेन लागलेली. आत लोकर जशीच्या तशी. डोंगर, वारा, गुडघ्याची कळ, सगळं जागच्या जागी थांबलं. जी आशा इतकी वर्षं ती दुसऱ्याला घासाघासाने भरवत आली आणि स्वतः कधी चाखली नाही, ती तिच्या घशाखाली उतरली.

"भिंगरी," ती म्हणाली. मग वाटेकडे वळून तिने हाक मारली. पुन्हा मारली. डोंगराने ती परत दिली.

नवऱ्याने तिला जवळ ओढलं. तिचं डोकं छातीशी धरून तो नुसता थोपटत राहिला. ती हसत होती, रडत होती. काहीतरी विचारायला तिने मान वर केली. त्याची टोपी कपाळावरून मागे सरकली होती आणि टोपीच्या राखाडी कडेला पिवळ्याचा एक धागाही उरला नव्हता.