सगळ्या नव्या पानांसाठी

तेराव्याच्या निमंत्रणाचा मजकूर लिहायला मी नानांच्या कम्प्युटरवर नवं पान उघडलं, तर पहिलाच शब्द बोटभर उंच उमटला.

"चार ओळींत पान संपेल की! नानांना इतकं कमी दिसायचं?" दादा मागून म्हणाला. "लहान कर. आणि कायमचंच करून टाक, पुन्हा कटकट नको."

अक्षरं लहान करून मी सेटिंग जतन करायला गेले. पडद्यावर प्रश्न आला : हा बदल फक्त या पानापुरता, की यापुढच्या सगळ्या नव्या पानांसाठी?

"सगळ्या," दादा म्हणाला.

"त्यांना छान दिसायचं रे," आई दारातून म्हणाली. "माझे डोळे बिघडले, तेव्हा केलंय त्यांनी ते. रोज पेपरातल्या निवडक बातम्या मोठ्या अक्षरांत टाइप करायचे आणि हाक मारायचे, 'बाईसाहेब, तुमचा अंक निघाला!'" ती हसली, मग म्हणाली, "आता कोण बसतंय टाइप करत? कर लहान."

मी 'फक्त या पानापुरता' निवडलं आणि निमंत्रण छापखान्यात पाठवून दिलं.

मग पुन्हा नवं पान उघडलं, आजचा पेपर शेजारी ठेवला आणि पहिली बातमी टाइप करू लागले. आई खुर्ची ओढून जवळ बसली. दोन ओळी तिने सावकाश वाचल्या.

"ही बातमी त्यांनी घेतली नसती गं," ती म्हणाली.