पहिल्या बाकावरची जागा

“हातमोजे काढा, मिसेस पेटवे,” शहराचा वकील व्हिटलॉक तिच्या कानाशी पुटपुटला. “ज्यूरीला वाटेल, लग्नाला आलायत.”

“वाटू दे,” ओडेसा म्हणाली. “याच हातांनी मी माझ्या लेकीच्या, कोरीनच्या वेण्या घालायचे. त्या वस्तूला मी उघडा हात लावणार नाही.”

ती वस्तू समोरच्या टेबलावर पडली होती. काळी, आखूड रिव्हॉल्व्हर. मुठीवर रबर चढवलेलं. कोरीन घराच्या पायरीवर बसली होती, शेवटची वेणी राहिली होती, आणि ओडेसा निळे मणी आणायला आत गेली होती. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतल्या पोरानं दुसऱ्याच कुणावर तरी गोळी झाडली. ती याच रिव्हॉल्व्हरमधून सुटली आणि कोरीनचा जीव घेऊन गेली. पोरगा तुरुंगात गेला. मण्यांची पुडी अजून ओडेसाच्या पर्समध्ये होती.

आज खटला त्या पोरावर नव्हता. बंदुका बनवणाऱ्या कंपनीवर होता, आणि तो शहरानं भरला होता. कोणत्या दुकानातून माल थेट गल्लीत जातो हे कंपनीला माहीत असतं, तरी ती तिथं पेट्याच्या पेट्या ओतते, असं शहराचं म्हणणं. कायद्याच्या भाषेत याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात, हे व्हिटलॉकनं सांगितलं तेव्हा ओडेसाच्या डोक्यात तिडीक गेली होती. “उपद्रव? उपद्रव शेजाऱ्याच्या कुत्र्याचा असतो. तुंबलेल्या गटाराचा असतो.” तो बिचारा मान खाली घालून म्हणाला होता, “याहून मोठा शब्द कायद्यात नाही हो.”

सकाळी न्यायालयाच्या पायऱ्यांवर महापौर क्लेबॉर्ननं स्वतः तिच्या कोटाला शहराचा बिल्ला लावला. पितळी, त्यावर शहराचं चिन्ह, दीपस्तंभ. “सिस्टर ओडेसा, आज सगळं शहर तुझ्या पाठीशी आहे,” तो कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाला. ती त्याला चर्चमधून फार पूर्वीपासून ओळखत होती, ‘सिस्टर’ तिथलंच. चर्चमध्ये येणाऱ्यांना जागेवर बसवण्याचं काम तिच्याकडे. पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, दुसऱ्याचा तळवा वाट दाखवायला उघडा. निवडणूक आली की क्लेबॉर्न रविवारी हमखास उगवायचा, तोही उशिरा, आणि ती पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना सांगायची, “जरा सरकून घ्या.” आत्ताही तो पहिल्याच बाकावर बसला होता.

ओडेसा साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन बसली, तशी कंपनीची वकील स्ट्रँड उठली. तिच्या बाकावर सात वकील दाटीवाटीनं बसले होते. आवाज मात्र तिचा लोण्यासारखा.

“मिसेस पेटवे, तुमच्या मते दोष नेमका कुणाचा?”

“ही बंदूक हातातून सोडताना पुढचा हात कुणाचा ते ज्यानं बघितलं नाही, त्याचा. आपला फायदा पदरात पडला की ज्यानं पाठ फिरवली, त्याचा.”

“तो कुणीही असो?”

“हरकत आहे!” व्हिटलॉक ताडकन उभा राहिला.

“कुणीही असो,” ओडेसा त्याच्याकडे न बघता म्हणाली. “बायबलवर हात ठेवून बोलतेय मी.”

स्ट्रँडनं न्यायाधीशांची परवानगी मागितली. मुठीवरचं रबर दुकानदारानं नंतर बसवलंय, ते काढावं. कारकुनानं स्क्रू फिरवला. रबर निघालं. स्ट्रँडनं रिव्हॉल्व्हर ओडेसाच्या पांढऱ्या हातमोज्यातल्या तळव्यावर ठेवली. ती वाटली होती त्याहून जड होती. जन्मलेल्या दिवशी कोरीन हातात घेतल्यावर अशीच जड वाटली होती, का कोण जाणे, ते आठवलं.

“मुठीच्या मागे काय कोरलंय, ज्यूरीला सांगाल?”

ओडेसानं ती उलटी केली. उजेडात धरली. बराच वेळ धरली.

“दीपस्तंभ,” ती म्हणाली.

“बरोबर. आमच्याकडून ही पहिल्यांदा घेतली ती तुमच्या पोलीस खात्यानं. पुढं त्यांना नवी पिस्तुलं हवी होती. मग जुन्या रिव्हॉल्व्हरींचा ढीग त्यांनी दुकानदाराच्या गळ्यात मारला आणि नवा माल स्वस्तात घेतला. वितळवता आल्या असत्या. वितळवल्या नाहीत.”

व्हिटलॉकचा चेहरा पांढराफटक पडला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. ओडेसानं पहिल्या बाकाकडे पाहिलं.

“क्लेबॉर्न, तुला ठाऊक होतं?”

“सिस्टर, अगं, तेव्हा सगळीच शहरं तसं…”

न्यायाधीशांनी हातोडा आपटला. महापौर बुटांकडे बघायला लागला.

“मला आणखी काही विचारायचं नाही,” स्ट्रँड म्हणाली आणि बसली. तिच्या बाजूचे सातही जण सैलावले. एकानं पेनाला टोपण लावलं. दुसरा गालात हसला. खटला त्यांच्यापुरता मिटला होता.

“तुम्ही जाऊ शकता, मिसेस पेटवे,” न्यायाधीश हलकेच म्हणाले.

ओडेसानं रिव्हॉल्व्हर समोर ठेवली, कोटावरचा बिल्ला काढला आणि तिच्याशेजारी ठेवला. पितळी दीपस्तंभ आणि लोखंडी दीपस्तंभ. मग ती पिंजऱ्यातून खाली उतरली, पण आपल्या जागेवर गेली नाही. कंपनीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. पाठ ताठ, एक हात पाठीमागे, दुसऱ्याचा पांढरा तळवा उघडा.

“हसताय काय? तुम्हाला कुणी उठायला सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “जरा सरकून घ्या. आमच्या महापौरांना बसायचंय.”