वाढलेले पाच किलो

"पाच किलो वाढलंय," डॉ. धनलक्ष्मी म्हणाल्या, तसा कस्तुराबाईनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला.

ऋतुजा काट्यावरून उतरली आणि गुमान खुर्चीत बसली.

सहा महिन्यांपूर्वी सोलापुरातल्या याच दवाखान्यात वजन उतरावं म्हणून तिचं जठर लहान करायचं ऑपरेशन झालं होतं. चोविसाव्या वर्षी वजन एकशे बारा. पाहुणे यायचे, पोहे खाऊन जायचे, निरोप काही यायचा नाही. शेवटी कस्तुराबाईच्या भावानं, जोतिरामनंच मनावर घेतलं. दवाखाना त्यानंच शोधला. तपासणीला जवळ पडावं म्हणून भाचीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. कॉलेजची तीन वर्षंही ती त्याच्याकडंच होती. गावाकडं मेंढरं राखताना कस्तुराबाई भावाला दुवा द्यायची.

पहिल्या तीन महिन्यांत तीस किलो उतरले. मग काटा अडला. आता उलटा फिरला होता.

"गुळाचं पाणी करून पिती, डागदरीणबाई. भावजयीला उशाखाली डबा घावला."

डॉक्टरांनी रक्ताचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "वजन उतरलं तसा हिचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही उतरला होता. शरीराला आतून चढणारा गंज म्हणा. आता तो पहिल्यापेक्षा जास्त आहे. नुसत्या गुळानं एवढा वाढायचा नाही. डोळे बघा हिचे. ऋतुजा, झोपत नाहीस का? घरी काय होतंय?"

"व्हायचं काय?" कस्तुराबाई उसळली. "मामानं जिवाचं रान केलं, अन् हिला जिभंवर ताबा न्हाय!"

ऋतुजानं पहिल्यांदा आईकडं बघितलं.

"कॉलेजला असताना मी मुद्दाम खाऊन जाड झाले, आई. तवा मामा माज्या खोलीत यायचा थांबला. आता परत यायला लागलाय."

कस्तुराबाईनं लेकीचा हात धरला. तो गार पडला होता.

दारावर टकटक झाली. "अक्का, उरकलं का? गाडी लावलीया," जोतिरामचा आवाज आला.

ऋतुजा आक्रसली. कस्तुराबाई उठली. तिनं आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"डागदरीणबाई, पोलिसांस्नी बोलवा," ती म्हणाली. "बाहेर माजा सख्खा भाऊ हुबा हाय."