सैल ताडपत्री

जावई रूलोफ ताडपत्रीचे पट्टे आवळताना कुणालाही जवळ फिरकू देईना, हे आल्ट्येबाईंना निघाल्यापासून खटकत होतं. मोटारीला जोडलेल्या गाड्यावर बाईंचा घडीचा तंबू सुट्टीसाठी फ्रान्सला चालला होता. बेल्जियमपर्यंत रूलोफ तीनदा थांबला, तरी ताडपत्री फडफडतच होती. चौथ्यांदा बाई उतरल्या. "आई, बसा ना! वारा फार आहे." "तीस वर्षं मीच बांधतेय. वारा मला शिकवू नका." त्यांनी ताडपत्रीवर थाप मारली. उजवी बाजू ताठ, डावी खचली. तिथं तंबूत झोपायची त्यांची गादी ठेवलेली असायची. पट्टा सोडून हात घातला, तर नुसती फळी. "तुम्हाला वाटेत हिच्या मावशींकडे सोडणार होतो," रूलोफ पुटपुटला. "आराम मिळाला असता." मोटारीत लेकीनं मान खाली घातली. बाईंनी पट्टा आवळला. "तंबू माझा, जावईबापू. लेक गाडी चालवील, मी तुमच्या गादीवर झोपेन. मावशींकडे तुम्ही उतरा, आरामाला!"