निळी पट्टी

डचांच्या जीपगाड्या ओढ्यापलीकडे पोचल्याचं ऐकून सुमिंतेननं दारावरचं लाल-पांढरं निशाण कणगीत लपवायला उतरवलं. तीन वर्षांपूर्वी जावाभर प्रजासत्ताकाची दवंडी फिरली, तेव्हा डचांच्या तिरंगी निशाणाची निळी पट्टी भर चावडीत टरकावून तिनंच ते आपलं केलं होतं. “हिला चुलीत घालतो,” म्हणत नवऱ्यानं ती पट्टी घरी नेली होती. आज त्याच नवऱ्यानं पेटीच्या तळातून तीच निळी घडी काढली. “सुई घे. गोरे यायच्या आत ही परत जोड.” “अहो, आपलं पोरगं ह्याच निशाणासाठी डोंगरात लढतंय ना!” “म्हणूनच सांगतो. शहाण्या माणसानं दोन्ही डगरींवर हात ठेवावा.” तिनं सुई घेतली. भ्यालेल्या माणसाला एकवेळ माफ करता येतं. मग तिनं पट्टी उलगडली. तीन वर्षांत तिला कसरीचं एक भोकही पडलं नव्हतं. आतून कापराच्या चार वड्या पडल्या, अख्ख्या. कापूर तर महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो.