एकेरी

आजोबांना जाऊन सात महिने झाले होते, तरी त्यांनी शिकत शिकत केलेला प्रोग्रॅम आजी रोज सकाळी चालवायच्या. आज पडद्यावर आलं, ‘मॉड्यूल सापडत नाही.’

बोलावल्यावर आलेला कॉम्प्युटर-दुरुस्तीवाला ओशाळला. काल प्रोग्रॅम ज्यावर चालतो ते पायथन नवं टाकताना त्यानेच जुन्याचा फोल्डर पुसला होता. “आजोबांनी त्यांची ही मॉड्यूलची फाइल पायथनच्याच फोल्डरमध्ये ठेवली असणार. नवीन माणसं तिथेच चुकतात. आपली फाइल आपल्या प्रोग्रॅमच्या शेजारी, एकाच फोल्डरमध्ये ठेवायची. मग सापडतेही, आणि पायथन बदललं तरी जात नाही.”

“आता कुणाला सांगतोस?”

“मी परत लिहून देतो ना! काय होतं त्यात?”

“फार काही नाही रे. उठलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच विचारायचा.”

त्याने लगेच फाइल लिहिली, प्रोग्रॅमशेजारी ठेवली आणि चालवून दाखवली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘उठलात का, आजी? गोळी घेतलीत का?’

“बरोबर आहे ना?”

“हो,” आजी म्हणाल्या. त्यांना ‘अगं’ म्हणणारं शेवटचं माणूस गेलं होतं, आणि परक्याला तसं म्हण म्हणून कसं सांगणार?